कारल्याचा वेल

साखरेवर उभ्या राहिलेल्या बेटात एका कडू भाजीला घरोघर मान असावा, ही गोष्ट नवख्याला विलक्षण वाटेल. मॉरिशसच्या मराठी माणसाला मात्र तिचे काहीच वाटत नाही. घराच्या मागल्या अंगणात, पत्र्याच्या कुंपणावर किंवा चार बांबू रोवून घातलेल्या मांडवावर कारल्याचा वेल चढलेला असतो. बाजारात त्याच्या फळाला 'मारगोज' म्हणतात. कडू या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून हे नाव निघाले आणि क्रिओल भाषेने ते आपलेसे करून टाकले. ज्या घरांत वडीलधारी माणसे अजून मराठी बोलतात, त्या घरांत ती 'कारली'च आहेत.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली या वेलाला 'मोमोर्डिका' हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा संबंध चावण्याशी आहे. बियांच्या कडा कुणी दातांनी कुरतडल्यासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. संस्कृतात त्याला कारवेल्ल म्हणतात. नावे कितीही असोत, वेल एकच. नाजूक तणाव्यांनी जे सापडेल ते धरून वर जाणारा, पिवळी फुले धरणारा, अंगावर खवले असलेली हिरवी फळे देणारा. फळ पिकले की नारिंगी होऊन उकलते आणि आतून तांबड्या गरात बसलेल्या बिया दिसू लागतात. या वेलाला फारशी निगा लागत नाही. मॉरिशसमध्ये तर तो रस्त्याकडेच्या झुडपांवरही आपला आपण वाढलेला दिसतो.

महाराष्ट्रात भोंडल्याच्या गाण्यांमध्ये कारल्याच्या वेलाचे एक गाणे फार प्रसिद्ध आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते, आणि सासू तिला आधी कारल्याचा वेल लावायला सांगते. वेल लावून होतो, तर तो वाढू दे म्हणते. वेल वाढतो, तर त्याला कारली लागू देत म्हणते. अशा रीतीने एकेक पायरी पुढे ढकलीत ढकलीत अखेर गाण्यातल्या त्या सुनेची वाट मोकळी होते व ती माहेरी जाते.

समुद्रापार आलेल्या सुनांचे नशीब असे नव्हते. १८३४ च्या नोव्हेंबर महिन्यात 'ॲटलास' हे जहाज पोर्ट लुईला लागले आणि करारबद्ध मजुरांचा ओघ या बेटाकडे सुरू झाला. पुढल्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसे या मार्गाने आली. कलकत्ता आणि मद्रास या बंदरांच्या मानाने मुंबईहून आलेली थोडी. त्या थोड्यांत रत्नागिरी आणि तिच्या आसपासच्या कोकणपट्टीतील मराठी कुटुंबे होती. आज जागतिक वारसा म्हणून २००६ पासून जपल्या जाणाऱ्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या ज्या स्त्रिया चढून गेल्या, त्यांपैकी अनेकींना माहेर पुन्हा दिसले नाही. मळ्यावरील वस्तीत झोपडीमागे जो हातभर तुकडा मिळे, त्यात भाजीपाला लावावा आणि शिध्याच्या तांदूळ-डाळीला चव आणावी, एवढेच त्यांच्या हाती होते. वेल वाढले, कारली लागली, भाजी झाली. माहेरची वाट मात्र मोकळी झाली नाही.

त्या पिढीला कारले औषध म्हणून लागत नव्हते. ते ताटातले तोंडीलावणे होते. कारली चिरून मीठ लावून ठेवावी, पाणी पिळून टाकावे, आणि तेलावर परतावी. कधी चिंचगूळ घालावा, कधी नारळ आणि मसाला भरून भरली कारली करावी. कितीही केले तरी कडू ते कडूच, अशी म्हण या भाजीमुळेच मराठीत रुजली आहे. पण कडूपणा घालविणे हा त्या खटाटोपाचा हेतूच नव्हता. तो सोसण्याजोगा करून जिभेवर ठेवणे, हेच त्या स्वयंपाकाचे कौशल्य होते.

आयुर्वेदात मधुमेहाचा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णासाठी सांगितलेला उपचार वाचला म्हणजे मॉरिशसच्या मजुराची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. अशा रुग्णाने पायांत जोडा आणि डोक्यावर छत्री न घेता, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालावे, अथवा विहीर खणावी, असे तेथे सांगितले आहे. महिना पाच रुपये वेतनावर पाच वर्षांचा करार करून आलेल्या माणसाला हा उपचार कोणी सांगावा लागला नाही. तो पहाटेपासून उसाच्या सऱ्या खणीत होता, दगड वेचून त्यांचे ढीग रचीत होता, कोयत्याने ऊस तोडीत होता; आणि एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचे वेतन कापले जात होते. राबणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, हे शरीरशास्त्र आज सांगते. त्या माणसाने साखर पिकविली, पण ती त्याच्या रक्तात साठण्याइतकी उसंत त्याला कधी मिळाली नाही. त्याच्या हालांचा हा गौरव नव्हे. जो घाम जुलमाने गाळावा लागला, त्याचा शरीरावर काय परिणाम झाला, एवढेच यातून समजून घ्यायचे.

नातवंडा-पणतवंडांच्या वाट्याला ते हाल आले नाहीत, हे त्यांचे भाग्य. उसाच्या शेतातून ती शाळेत गेली, शाळेतून कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि दुकानांत गेली. पाय चालेनासे झाले, ताट मात्र भरत गेले. पांढरा भात होताच, त्यात पांढरा पाव आला, तळलेले पदार्थ आले, रंगीत गोड पेये आली. १९८७ साली बेटावर आरोग्याची मोठी पाहणी झाली, तेव्हा मधुमेहाचे प्रमाण जगातील फार वरच्या प्रमाणांत मोडते असे आढळले. आणि ते केवळ भारतीय वंशाच्या लोकांत नव्हे, तर क्रिओल आणि चिनी लोकांतही तसेच वरचे होते. पुढे २०२१ सालच्या पाहणीतही दर पाच प्रौढांमागे जवळजवळ एकाला हा रोग असल्याचे दिसले. 'दियाबेत' हा शब्द आता मराठी घरांत लग्नाच्या याद्यांइतकाच परिचयाचा झाला आहे. पंगतीत कोणाला जिलेबी वाढायची नाही, हे वाढप्यांना तोंडपाठ असते.

याच काळात कारले ताटातून उठून पेल्यात जाऊन बसले. पहाटे दोन कारली किसावीत, फडक्यातून रस गाळावा, आणि घरातल्या रुग्णाने नाक धरून तो पिऊन टाकावा, असा परिपाठ अनेक घरांत पडला. त्यामागे केवळ अंधश्रद्धा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. जे पिढ्यान् पिढ्या खाल्ले त्यावर विश्वास बसतो. जे कडू ते गुणकारी, ही समजूत मराठी मनात खोल आहे. आणि आपल्या हाताने लावलेल्या वेलाने आपल्या माणसाला बरे करावे, यासारखे समाधान नाही. अडचण रसाने होत नाही. तो लपवून ठेवल्याने होते.

वाक्वा भागातील एका मराठी घरात घडलेली गोष्ट या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. घरातले आजोबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना सरकारी आरोग्य केंद्रातून मधुमेहाच्या गोळ्या मिळत. त्यांतली एक स्वादुपिंडाकडून अधिक इन्सुलिन सोडवून घेणारी. अशा गोळीला माणूस जेवला आहे की उपाशी, हे कळत नाही. आजी रोज पहाटे त्यांना कारल्याचा रस देई. डॉक्टर रागावतील म्हणून रसाची गोष्ट केंद्रात कोणी काढली नाही. आजोबांनी आणखी एक गोष्ट मनातच ठेवली होती: ज्या दिवशी रस मिळे त्या दिवशी ते गोळी टाळीत. तपासणीत आकडे वर गेलेले दिसले. गोळी नियमित घेतली जाते अशा समजुतीने डॉक्टरांनी तिची मात्रा वाढविली. सुनेने मोठ्या निष्ठेने ती वाढलेली गोळी रोज सकाळी हातावर ठेवण्यास प्रारंभ केला. रस चालूच होता. अशा स्थितीत संकष्टी चतुर्थी आली, आणि आजोबांनी चंद्रोदयापर्यंत काही न घेण्याचा नेम नेहमीप्रमाणे धरला.

दुपारी चारच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, आणि शांत स्वभावाचा तो मनुष्य विनाकारण चिडू लागला. सासूबाईंना वाटले, उपासाने ग्लानी आली. सुनेने मात्र बोटाचे रक्त तपासले व यंत्रावरचा आकडा पाहून ती घाबरली. आजोबा शुद्धीवर होते, गिळता येत होते. तिने तीन चमचे साखर पाण्यात घोळून त्यांना पाजली. पंधरावीस मिनिटांत ते सावरले. ज्या साखरेला शत्रू मानून घरात डबा उंच फळीवर ठेवला होता, तिनेच त्या दिवशी प्राण राखले.

रात्री चंद्र उगवल्यावर, पाने घेण्यापूर्वी, सुनेने हळूच विचारले,

"आई, बाबांना रस केव्हापासून चालू आहे?"

"गणपतीपासून, गं. तुला कळलं तर तू डॉक्टरांना सांगशील, अशी भीती वाटली."

"आणि मी गोळी वाढली हे तुम्हांला सांगितलं नाही. तुम्ही काळजी कराल म्हणून."

आजोबा पाटावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "दोघींनी मला जपलं, आणि मी दोघींपासून लपवलं. आता तिघांनी मिळून डॉक्टरांकडे जाऊ या."

या घरात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. स्वयंपाकघराला दवाखान्याची खबर नव्हती, आणि दवाखान्याला स्वयंपाकघराची. मधल्या त्या गप्प राहण्याने एक माणूस घेरी येऊन पडण्याच्या बेतास आला. दुसऱ्या एखाद्या घरात याच गप्प राहण्याचा परिणाम उलट दिशेने होतो. रसावर भिस्त ठेवून गोळी कायमची सोडली जाते, आकडे वर्षानुवर्षे वर राहतात, पायाची संवेदना जाते, लहानशी जखम चिघळते, आणि शेवटी बोट किंवा पाऊल गमवावे लागते. डोळे आणि मूत्रपिंडे यांचेही असेच आतल्या आत नुकसान होत राहते. पैकी काहीच दुखत नाही, म्हणून कळत नाही.

मग कारल्यात गुण आहे की नाही? शास्त्रज्ञांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलेले नाही. कारल्यातून चॅरँटिन नावाचे द्रव्य आणि इन्सुलिनशी साम्य असलेले एक प्रथिन वेगळे काढण्यात आले आहे. १९७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका स्त्री रुग्णाची हकिकत छापून आली होती. मधुमेहाची गोळी चालू असताना कारल्याचा रस्सा खाल्ला की तिची साखर अधिकच उतरे. म्हणजे वाक्वाच्या घरात जे घडले त्याची सूचना वैद्यकाला फार पूर्वी मिळालेली होती. दुसऱ्या बाजूस, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या फिलिपाईन्समधील चाचणीत ४० रुग्णांवर तीन महिने प्रयोग झाला, आणि कारल्याच्या औषधाने सरासरी साखरेत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. थायलंडमधील २०११ सालच्या चार आठवड्यांच्या चाचणीत रोज २००० मिलिग्रॅम मात्रेने थोडा उतार दिसला; पण मेटफॉर्मिनच्या रोजच्या १००० मिलिग्रॅमने त्याहून अधिक उतार झाला. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने चार चाचण्या आणि ४७९ रुग्ण यांचा एकत्र विचार करून, मधुमेहावर कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. थोडक्यात, कारले अगदीच निर्गुण नाही. परंतु त्याच्या गुणाचे माप कोणाला देता येत नाही. एका वेलाचे फळ दुसऱ्यासारखे नसते, कोवळे जून होते, एका दिवशी रस पेलाभर निघतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धा.

माप हाच वनस्पती आणि गोळी यांच्यातील खरा फरक आहे. मेटफॉर्मिन ही गोळी आज असंख्य रुग्ण घेतात, आणि तिला 'विलायती रसायन' म्हणून नाके मुरडणारेही पुष्कळ आहेत. पण तिचे मूळ युरोपातील गॅलेगा नावाच्या एका रानटी झाडोऱ्यात आहे. त्या झाडोऱ्यातील द्रव्यांचा अभ्यास होत होत, १९५७ साली पॅरिसच्या ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. झाडाचा गुण ओळखणे हे पहिले पाऊल. त्यातले घातक ते वगळून, उपयुक्त ते मोजून देणे हे दुसरे. पहिले पाऊल आजीबाईंनी जगभर टाकले आहे. दुसरे टाकण्यास प्रयोगशाळा लागते. मॉरिशसमध्येही अमीना गुरीब-फकीम यांच्यासारख्या विदुषींनी, ज्या २०१५ ते २०१८ या काळात देशाच्या राष्ट्राध्यक्षाही होत्या, बेटावरील औषधी वनस्पतींची नोंद आणि अभ्यास करण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला. तेव्हा झाडपाला एका बाजूस आणि शास्त्र दुसऱ्या बाजूस, अशी भिंत मुळात नाहीच. ती माणसांनी संकोचापायी उभी केली आहे.

ही भिंत काढणे फारसे कठीण नाही. कारली ताटात भाजी म्हणून खुशाल असावीत. तिथे ती शतकानुशतके शोभली आहेत, आणि भाताचा एक वाढा कमी करून भाजीचा एक वाढवला तर लाभच आहे. रस, चूर्ण वा काढा रोज घ्यायचा असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे, आणि तेही प्रमाणासह. गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने कमी करू नये, बंद तर मुळीच करू नये. गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी रस वा काढा घेऊ नये; कारल्याच्या काढ्याने लहान मुले बेशुद्ध झाल्याचे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. उपासाचा नेम असेल तर त्या दिवशीच्या औषधाविषयी आधी विचारावे. रुग्ण आणि वृद्ध यांना व्रतातून सूट देणारी परंपरा हिंदू धर्मात पहिल्यापासूनच आहे. ती सूट घेण्यात कमीपणा नाही. आणि रोज सायंकाळी पायी फिरून यावे. शंभर योजनांची आज्ञा सुश्रुताने केली, पण अर्धा तासही पुष्कळ उपयोगी पडतो, आणि आता त्याबद्दल कोणी वेतन कापीत नाही.

पूर्वजांकडून काय घ्यायचे, हा प्रश्न या समाजाला नेहमी पडतो. गणपती घेतला, झाकरी घेतली, पाडव्याची गुढी घेतली. पाडव्याच्या दिवशी कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खाण्याचा जो रिवाज आहे, त्यात कडू आणि गोड एकाच तळहातावर, सगळ्यांच्या देखत ठेवलेले असते. घरातल्या आजाराविषयीही हाच रिवाज पाळला तर किती बरे होईल. पूर्वजांचा वारसा म्हणून रसाच्या पेल्यापेक्षा तो उघडेपणा आणि ते पथ्य अधिक मोलाचे आहे.

वाक्वाच्या त्या घरात आता स्वयंपाकघरातील खिळ्याला एक शाळेची वही टांगलेली आहे. नातीने तिच्यात पट्टीने रेघा मारून चार रकाने पाडले: तारीख, गोळी, कारली, साखर. गोळीचा रकाना सून भरते, कारल्याचा आजी भरते, आणि बोट टोचून आलेला आकडा आजोबा स्वतः लिहितात. पुढल्या तपासणीला ती वही त्यांच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी सगळी पाने वाचली, रोजचा रस थांबवून कारल्याची भाजी आठवड्यातून दोनदा चालेल असे सांगितले, गोळीची मात्रा पूर्ववत केली, आणि संकष्टीच्या दिवशी काय खावे व गोळी केव्हा घ्यावी, ते शेवटच्या पानावर लिहून दिले. आजीने वेल काढला नाही. आता जास्तीची कारली शेजारी जातात.